हीटरवरची चिठ्ठी

विषय: मला 'कालबाह्य' ठरवून रद्दीत काढण्याबाबत.
संदर्भ: कॅनडातील विनिपेगच्या वाचनालयाचा जानेवारीतील प्रस्ताव.

उपरोक्त विषयी निवेदन करतो, की मी इंग्रजीचा चित्रशब्दकोश बोलतोय. वाचनालयाच्या तळघरात दर मंगळवारी परदेशांतून आलेल्या मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. तिथे माझी अठ्ठावीस वर्षे नोकरी झाली. माझ्या चौऱ्याऐंशीव्या पानावर कार्यालय आहे: फॅक्स, टाइपरायटर, फ्लॉपी आणि खिडकीमागे हसणारा माणूस. यांपैकी आता काहीच भेटत नाही. हसणारा माणूस तर मुळीच नाही.

माणसांची मला किळस येते. बोट चाटून पान उलटतात. स्वयंपाकघराच्या पानावर कुणाच्या तरी नाश्त्याचे तेल आहे. पण चाटलेले बोट ही फार किरकोळ बाब आहे, हे मला या हिवाळ्यात कळले.

इरिट्रियाची तिरहास माझ्या समासात पेन्सिलीने स्वतःच्या लिपीत उच्चार लिहिते. नियमात बसत नाही, पण अक्षर सुबक आहे, म्हणून मी तक्रार केली नाही. त्या मंगळवारी ती वर्गात आली ती मला न उघडताच शिकवणाऱ्या डोरीनबाईंशी बोलू लागली.

"डोरीनबाई, चार दिवस हीटर बंद आहे. आई कोट घालून झोपते. तिची छाती वाजते."

"इमारतीच्या ऑफिसात सांगितलंस का?"

"सांगितलं. खिडकीतली बाई म्हणाली, अ‍ॅपवर टाका."

"अगं, तू तर समोर उभी होतीस!"

"तिने मान वर केली नाही."

फिलिपिन्सचा रोमेल मागून म्हणाला, "ताई, आमच्याकडे आग लागली तरी आधी पासवर्ड विचारतील."

डोरीनबाईंनी मला चाळले. फॅक्स होता, हवे ते शब्द नव्हते. मला बाजूला सारून त्यांनी फळ्यावर लिहिले: लॉग इन, फोटो, अपलोड, सबमिट. तिरहासने ते शब्द औषधासारखे गिळले. मग नियम मोडून बाईंनी मला तिच्या पिशवीत घातले आणि नेहमीचा गृहपाठ दिला: घरातल्या वस्तूवस्तूवर तिच्या इंग्रजी नावाची चिठ्ठी चिकटवायची.

तिरहासने कुचराई केली नाही. दार, नळ, फ्रिज. आईच्या कोटालासुद्धा चिठ्ठी. मग तिने अ‍ॅपवर अर्ज भरला, भिंतीवरच्या, हीटर चालवणाऱ्या डबीचा फोटो काढला आणि पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आले: फोटोत बिघाड दिसत नाही, अर्ज बंद.

दिसणार कसा? जिथे तापमानाचा आकडा उमटतो, नेमकी त्या काचेवर तिने 'थर्मोस्टॅट' ही चिठ्ठी चिकटवली होती. स्पेलिंग बिनचूक होते.

फोटो मात्र कुणीतरी बारकाईने पाहिला असावा. दुसऱ्याच दिवशी इमारतीचा माणूस दारात हजर.

"बाई, भिंतींना कागद चिकटवायला मनाई आहे. रंग निघतो."

"काढते. पण साहेब, हीटर बंद आहे. बघा ना."

"तो अर्ज वेगळा. मी कागदांसाठी आलोय."

"अहो, तुमच्याच तोंडातून वाफ येतेय!"

"ते अ‍ॅपवर लिहा."

त्याने हातमोजे काढले नाहीत. सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो घेतले. आतून आई खोकली, तेव्हा "काळजी घ्या" म्हणाला आणि गेला. मी बरीच वर्षे माणसांची थुंकी सोसली आहे. पण अशी किळस मला पहिल्यांदाच आली.

"कोण होता गं?" आईने विचारले.

"कागदवाला."

"कशाला आला होता?"

"भिंतीला सर्दी होऊ नये म्हणून."

आई हसली. मग बराच वेळ खोकत राहिली.

तिरहासने चिठ्ठी सोलली. काचेवर अकरा अंशांचा आकडा होता. नवा फोटो, नवा अर्ज. अपलोड, सबमिट, या खेपेला तिला एकही शब्द विचारावा लागला नाही. मग आईच्या पलंगाजवळची खिडकी नीट मिटत नाही, त्या फटीत तिने मला उभे ठोकले. बाहेर उणे अठ्ठावीस. माझ्या पाठीवर बर्फ धरला आहे, आणि चौऱ्याऐंशीव्या पानावरचा तो हसणारा माणूस ओला होऊन फुगला आहे. अठ्ठावीस वर्षांत मी इतका उपयोगी कधी पडलो नव्हतो.

सबब विनंती, की हीटर सुरू होईपर्यंत मला रद्दीत काढू नये. तोवर मला जागेवरून हलता येणार नाही.

सद्यःस्थिती: आज हीटर बंद पडल्याचा तेरावा दिवस. काचेवर नऊ. तिरहासचा अर्ज प्रलंबित. माझाही.