फ्रिजच्या दारातली बाटली

घरात तिला सगळे 'अर्धी डॉक्टर' म्हणत. थोरली सून, विज्ञानाची पदवी घेतलेली, आणि मुलीला नुसती शिंक आली तरी घड्याळ लावून ताप मोजणारी. सासूबाई चारचौघींत कौतुकानं सांगायच्या, "आमचा दवाखाना फ्रिजच्या दारातच आहे हो!"

त्यात खोटं काही नव्हतं. मुलीचा घसा सुजला तेव्हा डॉक्टरांनी सात दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पोरगी उड्या मारायला लागली. आता उगाच कशाला पोटात औषध ओतायचं, म्हणून थोरलीनं झाकण घट्ट लावून बाटली फ्रिजच्या दारात ठेवून दिली. असू दे, वेळेला उपयोगी पडेल.

महिन्याभरानं धाकट्या जावेचा दोन वर्षांचा टिल्लू तापला.

"ताई, बघता का जरा? अंगाची नुसती भट्टी झालीय. नेऊ का दवाखान्यात?"

"थांब गं, लगेच काय धावतेस! दोन तास ताटकळत बसवतील आणि हेच औषध लिहून देतील."

थोरलीनं बाटली खळाखळा हलवली, अर्धा चमचा टिल्लूच्या तोंडात सोडला. त्यानं तोंड वाकडं करून थोडं तिच्याच ओढणीवर थुंकलं.

"घ्या, फी मिळाली तुम्हाला," धाकटी म्हणाली आणि दोघी हसल्या.

दोन दिवस ताप चढत-उतरत राहिला. उतरला की थोरली म्हणायची, "बघ, लागू पडतंय." तिसऱ्या दिवशी सकाळी पोराची मान ताठ झाली आणि डोळे फिरले.

इस्पितळात मणक्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई बाहेर बाकापाशी आल्या.

"मेंदूच्या आवरणाला सूज आहे. पण तपासणीत जंतू सापडत नाहीयेत. घरी कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं का? नीट आठवून सांगा, त्यावर पुढचं ठरेल."

"नाही," धाकटी पटकन म्हणाली. "तापाचं औषध तेवढं दिलं. बाकी काही नाही."

ती थोरलीकडे बघतही नव्हती. पलीकडे सासूबाई होत्या, थोरलीचे दीर, म्हणजे टिल्लूचे बाबा होते. धाकटी आपल्याला पाठीशी घालतेय हे थोरलीला उमगलं. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. आत पडद्यामागे टिल्लू बारीक आवाजात कण्हत होता.

"दिलं होतं," ती म्हणाली. "मी दिलं. माझ्या मुलीचं उरलेलं. भुकटीत पाणी घालून बाटली तयार केल्याला महिना झाला होता. अर्धा अर्धा चमचा, पाच वेळा."

दिरांनी मान फिरवली. सासूबाई "अगं बाई" एवढंच बोलल्या. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

"जंतू मरायला ते पुरलं नाही, लपायला मात्र पुरलं," त्या म्हणाल्या. "सांगितलंत ते बरं केलंत."

टिल्लू वाचला. तीन आठवड्यांनी घरी आला. कान मात्र दोन्ही गेले.

"त्या औषधामुळेच का हो?" थोरलीनं एकटीनं जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"तसं नाही सांगता येणार. या आजारात कान जातातही. पण दोन दिवस हातचे गेले, एवढं खरं."

ते दोन दिवस अजून तिच्या घशाखाली उतरत नाहीत.

आता घरात टिल्लूला मागून कुणी हाक मारत नाही. वळसा घालून समोर जायचं, उकिडवं बसायचं, मग बोलायचं. थोरलीच्या मुलीला तर हे शिकवावंही लागलं नाही. धाकटी थोरलीला कधी टाकून बोलली नाही. फक्त टिल्लूला पुन्हा सर्दी झाली तेव्हा 'ताई, बघता का' म्हणत आली नाही. त्याला कडेवर घेऊन थोरलीच्या खोलीवरून सरळ दवाखान्यात गेली. "साधी सर्दी आहे, अँटिबायोटिक नको म्हणाल्या," हे परत आल्यावर तिनं सासूबाईंना सांगितलं. थोरलीनं ते भिंतीआडून ऐकलं.

परवा शेजारीण आली. "अर्ध्या डॉक्टर आहेत का घरात? बाळ तापलंय आमचं. उरलंसुरलं काही औषध असेल तर..."

थोरली ओट्यापाशीच थिजली. दार धाकटीनं उघडलं होतं.

"आमच्याकडे कुणी डॉक्टर नाही," ती म्हणाली. "त्याला दवाखान्यात न्या. आत्ताच न्या."

तिनं दार लावलं. टिल्लू फरशीवर बसून डावानं पातेलं बडवत होता, जीव खाऊन. घर नुसतं दणाणत होतं. त्याला कुणी थांबवलं नाही.