वाढत्या अंगाची पँट

चिमी तेवीस वर्षांची झाली तरी घरात ती चिमीच होती, आणि तिचं कपाटही चिमीचंच होतं. त्यात कॉलेजच्या संमेलनांचे अकरा टी-शर्ट आणि गुडघ्यावर विरलेल्या दोन जीन्स, एवढाच काय तो ऐवज. विमा कंपनीत रुजू होऊन आठवडा झाला नाही, तोच साहेबांनी तोंडावर सांगितलं, "सोमवारी मोठे ग्राहक येतायत. माहिती तू द्यायचीस. पण या अवतारात आलीस तर मी दुसऱ्या कोणाला तरी उभं करीन."

पहिला पगार अजून लांब होता. मग दोन संध्याकाळी जुन्या कपड्यांच्या दुकानात ढीग उपसून चिमीने एक गडद राखाडी पँट शोधली. कापड झकास, फक्त आत दोन चिम्या मावल्या असत्या. कोपऱ्यावरच्या टेलरला तिने बजावून सांगितलं, "नेमकी मापात हवी." शनिवारी पँट आणायला आई गेली, आणि तिथेच घोळ झाला.

रविवारी सकाळी चिमीने पँट चढवली. कंबर हातात धरावी लागत होती आणि पायाखाली फरशी पुसली जात होती.

"त्या टेलरने माप चुकवलं!"

"त्याने नाही गं. मीच म्हटलं, जास्त आत घेऊ नकोस. वाढत्या अंगाची बरी असते."

चिमीने कपाळावर हात मारला. लहानपणापासून हेच! शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा, बूट वाढत्या पायाचे, पुढे कापसाचे बोळे कोंबून. कपडा मापाला येईपर्यंत विटून जायचा.

"आई, मी आता कुठे वाढणारेय? आडवी?"

"पट्टा लाव."

"चुण्या पडतात! उद्या माझ्या जागी दुसरंच कोणीतरी उभं राहील, कळतंय का तुला? माझं वाढणं थांबून सहा वर्षं झाली!"

"मग सांगायचंस ना," आई म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती.

टेलरचं दुकान बंद होतं. आईने शिलाई मशीन पुढे ओढलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि चिमीला दोनदा गोल फिरवून खुणा केल्या. तासाभराने पँट अशी बसली की आरशातल्या बाईकडे चिमी बघतच राहिली. उद्या हिला कोणी बाजूला करणार नव्हतं.

आतलं जास्तीचं कापड मात्र शिवणीत जाडजूड दिसत होतं. आईने कात्री उचलली. तिने चिमीच्या कपड्यातलं कापड आजवर कधी कापलं नव्हतं.

"कापलं की पुन्हा सैल नाही हं करता येणार."

"नकोच मला," चिमी फाडकन बोलली. आईने मान हलवली आणि कापायला सुरुवात केली. आपण थोडं थांबून बोलायला हवं होतं, असं चिमीला फार वाटलं.