बोर्डावरची आत्या

आमच्या सरांचा नियम ऐकून हसावं की रडावं ते कळत नसे. हे शहर ज्यांनी उभं केलं, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात टिपायचं काम आमच्याकडे होतं. पण बोलवायचं कुणाला? तर ज्याचा उल्लेख आधीच्या तिघांच्या बोलण्यात आला असेल, त्यालाच. "म्हणजे कुणीही उठून फुशारकी मारणार नाही," असं सर म्हणत. झालं भलतंच. सुरुवातीच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांची नावं घेतली, मग त्या नावांना बोलावणी गेली. एकमेकांची पाठ थोपटणाऱ्यांचं शहर तयार होत होतं आणि मशीनचं बटण मी दाबत होते.

माझी आत्या या शहराची पहिली टेलिफोन ऑपरेटर. ती कामाला लागली तेव्हा बंदर नुकतं बांधायला घेतलं होतं, फोन मोजकेच, आणि प्रत्येक फोन तिच्या बोर्डावरून जायचा. तरी एकाही रेकॉर्डिंगमध्ये तिचा उल्लेख नव्हता. फोन जोडून देणारी बाई कुणाच्या लक्षात राहते? मी सरांना सांगून पाहिलं. "तुमची आत्या म्हणून नियम मोडू?" ते म्हणाले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आत्या मात्र चिडली नाही. जेवता जेवता थांबून तिने विचारलं, "तिघांच्या तोंडी यायला हवं?"

"हो."

"मरायच्या आधी मला एकदा त्या खोलीत बसून बोलायचंय," ती म्हणाली आणि पुन्हा जेवायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून ती माझा डबा घेऊन ऑफिसात येऊ लागली. माझा डबा गेली कित्येक वर्षं मीच आणते. डबा दिला की ती बाहेरच्या बाकावर ठाण मांडायची. तिथेच म्हातारे आपल्या पाळीची वाट बघत बसत.

पहिले सापडले कप्तान. जहाजं बंदरात सुखरूप आणणं हे त्यांचं काम.

"अहो कप्तान, ते वादळ आठवतं ना? तुम्ही धक्क्यावर भिजत उभे. तिथून मला फोन केलात, 'बाई, वायरलेसवाल्यांना सांगून जहाजाला कळवा, आहे तिथेच नांगर टाका.' काय तो आवाज तुमचा!"

कप्तानांनी आठवून पाहिलं. काही आठवेना. पण आवाजाचं कौतुक ऐकल्यावर आठवायला कितीसा वेळ लागतो? आत येऊन त्यांनी वादळ असं रंगवलं की सरांनी खुर्ची पुढे ओढली.

मग आले पाणीखात्याचे इंजिनिअर. मुख्य नळ फुटला तेव्हा तेही म्हणे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आत्याला फोनवर हुकूम सोडत होते. बर्फाच्या कारखान्याच्या मालकांना तर आत्याने हरभऱ्याच्या झाडाच्या शेंड्यावर नेऊन बसवलं. कारखान्यात विषारी वायू गळत होता, हे नाकाला ओला रुमाल बांधून आत उभे, आणि आत्याला सांगतायत की घराघरात फोन करा, लोकांना बाहेर काढा.

तीन झाले. माझं आधीचं सांगणं साफ विसरून सरांनीच मला विचारलं, "या टेलिफोनवाल्या बाई कोण? लगेच बोलवा त्यांना."

"विचारून बघते," मी म्हटलं. "त्या फार कामात असतात."

घरी मात्र मी आत्याला धारेवर धरलं. "थापा मारून इतिहासात घुसतेस?"

ती भाजी निवडत होती. "थापा कसल्या? जहाजाला मीच कळवलं. घराघरात मीच फोन केले. माझं सगळं खरं आहे गं. खोटं फक्त त्यांचं आहे. वादळात कप्तान सासुरवाडीला जेवत होते."

मी पोट धरून हसले. मग एकदम लक्षात आलं. आत्याने खरं सांगितलं, तर तिचे तिन्ही साक्षीदार खोटे ठरणार आणि नियमाप्रमाणे तीच बाहेर पडणार.

"उद्या हो ला हो कर आणि ये," मी बजावलं.

"बघू," आत्या म्हणाली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तिघेही म्हातारे आपली स्तुती ऐकायला हजर. दारापाशी बाक ओढून, कान टवकारून बसलेले. आत सरांनी सुरुवात केली, "बर्फाच्या कारखान्यात मालक जिवावर उदार होऊन उभे होते, तो प्रसंग सांगा."

आत्याने माइक जवळ घेतला. "मालक सगळ्यांच्या आधी पळाले. मला फोन केला तो गावाच्या दुसऱ्या टोकावरून. विचारलं काय, तर माझी गाडी कुणी बाहेर काढली का?"

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी मला मशीन बंद करायची खूण केली. मी खिडकीबाहेर बघू लागले.

"बाई, असं बोललात तर तुम्हाला यात ठेवता येणार नाही."

"नका ठेवू," आत्या म्हणाली. "नोकरीभर मी सगळ्यांचं ऐकलं. आम्हाला मधे बोलायची मनाई होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा मधे तोंड घातलं. चाललेली बोलणी तोडली आणि ओरडले, पळा! लोक पळाले, वाचले. कोण ओरडलं, ते कुणी विचारलं नाही. आज विचारलंत, तर आता ऐका."

सर खुर्चीत मागे टेकले.

तेवढ्यात दार करकरलं. फटीतून कप्तानांनी डोकं आत घातलं. "बाई... माझंही सांगणार?"

"सांगणार तर. आत या, कप्तान, बसा," आत्या म्हणाली. "फक्त मधे बोलायचं नाही."