वरणाची बादली

केशरताईंनी गाडीची काच खाली केली आणि मांडवाकडे कान लावला. लाऊडस्पीकरवर शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं. 'शुभमंगल सावधान' झालं आणि वाजंत्री कडाडली.

"अक्षता तं पडल्या, ताई," स्टिअरिंगवरचे हात न काढता श्रावण म्हणाला. "आपण आल्याशिवाय?"

ताईंनी पदर सारखा केला, मग उगाचच पुन्हा सारखा केला.

पंचवीस वर्षं त्या आमदार होत्या. तेवढ्या काळात अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे-पलीकडे त्या पोचल्याशिवाय अंतरपाट धरला गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पंचांगात मुहूर्त काहीही असो, खरा मुहूर्त ताईंच्या गाडीचा. त्यामुळे उशिरा निघणं अंगवळणी पडलेलं. गेल्या निवडणुकीत त्यांनी आपणहून तिकीट नाकारलं, पण सवयीचा राजीनामा कोण घेणार?

अकोल्याला जठारपेठेत लेकीकडे राहायला गेल्यापासून लग्नपत्रिका जवळजवळ थांबल्याच होत्या. ही एक आली. लेक पौर्णिमा म्हणाली होती, "जाऊ नको, आई. खुर्ची गेली की कोण ओळखते?" ताईंना नेमकं तेच पाहायचं होतं. माइकवरून आपलं नाव पुकारलं तर ठीक, नाहीतर पुन्हा कुठल्याच मांडवात पाय ठेवायचा नाही, असं ठरवूनच त्या निघाल्या होत्या.

"वापस घेऊ का गाडी?" श्रावणनं विचारलं.

"नको. आहेर तं द्या लागते."

"मंग नेहमीसारखंच?"

"नेहमीसारखंच."

म्हणजे थोड्या वेळानं श्रावणनं मांडवात येऊन "ताई, पुढं उशीर होऊन राह्यला," म्हणायचं आणि ताईंनी हात जोडून उठायचं. दोघांचं हे जुनं संगनमत होतं. त्यापायी सगळा मतदारसंघ पालथा घालूनही ताई एकाही पंगतीत जेवल्या नव्हत्या.

मांडवाच्या तोंडाशी त्या सवयीनं थबकल्या. माइकवाला नवरदेवाच्या मामाला स्टेजजवळ बोलावत होता. त्यानं ताईंना पाहिलं, मान लववून नमस्कार केला आणि पुन्हा मामाच्याच नावाचा धोशा लावला. ताईंचे हात अर्धेच जुळून राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. पौर्णिमाचं खरं निघालं म्हणून तर जास्तच.

त्या वळणार तोच गर्दीतून माणिकबाई आली. नवरीची आजी. ताईंच्या पहिल्या निवडणुकीत भर उन्हात गावोगाव पायी हिंडलेली.

"आल्या का? बरं झालं. हे धरा!" म्हणत तिनं वरणाची बादली ताईंच्या हातात दिली.

बादली चांगलीच जड होती. ताई तिच्याकडे पाहतच राहिल्या.

"माणिक, माह्यासाठी थांबल्या नाही तुमी?"

"नाई थांबलो." माणिकबाई पदरानं घाम पुसत हसली. "इच्या मायच्या लग्नात थांबलो होतो नं! तुमी येईपर्यंत वरण तीनदा तापवलं, अन् तुमी भाषण देऊन निंगून गेल्या. आमदाराची वाट पाहा लागते, ताई. म्हणून तं या खेपेले आमदाराले पत्रिकाच नाई देल्ली. तुमाले देल्ली ते घरची बाई म्हणून. घरच्या बाईची काहून वाट पाहाची? ते येतेच."

"अन् हे बादली मले?"

"मंग काय पाहुण्याले देऊ? चाला, पंगत बसून राह्यली."

पंगतीत बादली घरच्याच माणसाच्या हाती देतात, हे ताईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांना एकदम हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी चपला काढल्या आणि पदर कमरेला खोचला.

पहिलाच पळा वांग्याच्या भाजीवर सांडला.

"बाई, जराक भातावर वाढ नं," पत्रावळीवरची नजर न उचलता एक म्हातारा म्हणाला.

भाताच्या पातेल्याशी बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकीनं हिंमत केली, "काहो ताई, बिना भाषणाचं जमते का?"

"मतं मागण्यापरीस सोपं आहे!" ताई म्हणाल्या आणि सगळी पंगत हसली. म्हाताऱ्यानं आता कुठे वर पाहिलं, ओळखलं आणि लाजून आणखी भात मागितला. दुसरी बादली ताईंनी स्वतःच जाऊन भरून आणली. कंबर दुखत होती, पण इतक्या वर्षांत एवढी मजा त्यांना कधी आली नव्हती.

त्या अर्ध्या पंगतीत पोचल्या असतील, तोच श्रावण आला. ठरल्याप्रमाणे मनगटावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, पुढं उशीर होऊन राह्यला."

माणिकबाई पोळ्यांची टोपली घेऊन येत होती, ती जागीच थांबली. हे वाक्य तिनं लेकीच्या लग्नातही ऐकलं होतं. तिचा चेहरा उतरला.

ताईंनी पंगतीतल्या एका रिकाम्या जागेकडे पळ्यानं खूण केली.

"उशीर तं लय झाला, श्रावण. बस आता जेवाले."

श्रावण गोंधळून मांडी घालून बसला. ताईंनी वाकून त्याच्या भातावर वरण वाढलं आणि मागे न पाहताच म्हणाल्या,

"माणिक, शेवटच्या पंगतीत माह्यी पत्रावळ तुह्याजवळच टाक."