हिरवी लोकर

जुलैमध्ये बाबांची होडी बुडाली. फळ्या सापडल्या, बाबा सापडले नाहीत. तेव्हापासून आईने दाराला कडी लावली नव्हती. चर्चमध्ये त्यांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून प्रार्थना झाली की लावीन, असं ती सप्टेंबरात कशीबशी कबूल झाली. रविवारी प्रार्थना झाली. सोमवारी, फळ्या लागल्या होत्या त्या किनाऱ्यावर मी एकटीच गेले.

तिथल्या टेकडीवर पेंग्विनांची वसाहत आहे. तिची राखण करणाऱ्या रामोनाबाई बाबांच्या वर्गातल्या. नर नुकते समुद्रातून आले होते, माद्या यायच्या होत्या. जो तो आपल्या गेल्या वर्षीच्याच बिळाशी उभा राहून गाढवासारखा ओरडत होता.

"हे बघ नवरदेव," रामोनाबाई एका झुडपाखाली वाकल्या. "बायको यायच्या आत घर झाडून तयार. आमच्या ह्यांना जन्मात जमलं नाही!"

बिळात काड्या, हाडं, पिसं होती. आणि हिरवी लोकर.

माझा शाळेतला स्वेटर उसवून आईने बाबांना टोपी विणली होती. होडीवर ते तीच घालत.

"गेल्या वर्षीची असेल," मी म्हटलं.

"छे गं. आल्या आल्या जुनं सगळं उपसून फेकतो हा. ही आत्ताची."

"मग समुद्रातून आणली असेल."

"समुद्रातून हे फक्त पोट भरून आणतात. अंथरूण बिळाच्या दाराजवळच्या सामानाचं."

"वाऱ्याने आली असेल."

पण आमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. इथलं तिकडे जातं, तिकडचं इथे येत नाही. भरतीही टेकडीच्या पायथ्याशीच थांबते.

मी हात आत घातला. पेंग्विनने आधी एका डोळ्याने, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने मला पाहिलं. चोच मारली नाही. काड्या खडखडीत वाळलेल्या होत्या. लोकर ओली होती.

"राहू दे, पोरी," रामोनाबाई हळूच म्हणाल्या. "त्याच्या घरातलं काढू नये."

तेव्हा कळलं, ओरडणं थांबलं होतं. सगळे नर समुद्राकडे पाठ करून उभे होते. ते गावाकडे जाणाऱ्या पायवाटेकडे बघत होते. वाटेवर कुणी नव्हतं.

घरी पोचले तेव्हा आई चुलीपाशी होती.

"तोंड का असं झालंय?"

"वारा लागला."

"टोपी घालून जायचं होतंस."

जेवणं झाल्यावर ती उठली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिने कडी लावली. हात क्षणभर तिथेच ठेवला. मग निजायला गेली.

तिच्या खोलीचं दार लागल्यावर मी कडी काढली.