काठी सरकवायची राहिली

"या घरात एक वस्तू जागेवर सापडंल तर शपथ! माझी फिडल कुणी हलवली?"

इडवाल गोठ्यात एकटाच पुटपुटत होता. त्याची बायको मेन्वेन दारात उभी राहून ऐकत होती. फिडल त्याच्याच गळ्यात होती.

"पट्टा जरा वर घे," ती म्हणाली. "मानेला काचंल."

त्यानं खाली पाहिलं, पट्ट्यावरून हात फिरवला. "तेच करत होतो," तो म्हणाला, आणि वावराकडे चालू लागला.

ती फिडल म्हणजे त्याच्या आज्याची बी उडवायची पेटी. पेटीला वर कापडी पिशवी, खाली चकती, आणि सारंगीला असावा तसा एक लांब गज. गज मागंपुढं ओढला की चकती गरगरते आणि बी दोन्ही अंगांना पंख्यासारखं पसरतं. कुरण नवं करायला ब्रीन नावाच्या त्यांच्या घराला एवढं पुरत आलं होतं. नांगर नाही, भाड्याचं यंत्र नाही. ऑगस्टअखेर मेंढरांकडून झऱ्याचं वावर पार जमिनीलगत कुरतडून घ्यायचं, लोखंडी दाताळं ओढून माती उकरायची, बी उडवायचं, आणि तीच मेंढरं पुन्हा आत सोडून बी तुडवून घ्यायचं. पुढचं काम पावसाचं, आणि वेल्समध्ये पावसाला कुणी बोलवायला जावं लागत नाही.

बी सगळीकडं सारखं पडावं म्हणून वावराच्या मधोमध, दोन्ही टोकांना एकेक काठी. काठीवर नजर ठेवून चालायचं, पोचलं की काठी उपटून सात पावलं बाजूला रोवायची आणि उलट फिरायचं. इडवाल हे नवव्या वर्षापासून करत होता.

त्या दिवशी खोऱ्यातला शेजारी ग्वीलिम फाटकाशी मेन्वेनशेजारी येऊन टेकला. दोघं बघत राहिले. इडवाल वर गेला, खाली आला. वर गेला, खाली आला. गज अगदी तालात चालला होता, पाऊल तेच ठाम. काठ्या मात्र होत्या तिथंच होत्या.

तिसऱ्या खेपेला ग्वीलिमनं घसा खाकरला. मेन्वेननं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"दाट उगवंल यंदा," ग्वीलिम म्हणाला.

"व्हय. दाट उगवंल."

एक हाक मारली असती तर भागलं असतं. पण जूनमध्ये ती नुसतं म्हणाली होती, "कुत्रीला आत्ताच तर जेवाय घातलंस," तर हा माणूस दोन दिवस बोलला नव्हता. रागानं नव्हे. भिंतीकडं बघत बसला होता. आणि लेक लोवरी दर रविवारी फोनवर विचारायचीच, "बाबा बरे हायत ना? काय असंल तर सांग, मेंढरं इकू, तुमी इकडं कार्डिफला या." मेन्वेन म्हणायची, "बरे हायत की." मेंढरं गेली तर इडवाल सकाळी कशासाठी उठणार, हे काही लोवरी फोनवर सांगत नसे.

वावराचा तो एक पट्टा झाला तोच गोणीतलं सगळं बी संपलं.

"बी कमी भरलं लेकाच्यांनी!" इडवाल फाटकाशी येऊन ओरडला. "बापाच्या काळापासनं याच दुकानातनं घेतोय, आन आता मापात मारत्यात!"

"कमीच दिसत होती गोणी," मेन्वेन म्हणाली.

"मलाबी वाटलं तसं," ग्वीलिम म्हणाला आणि बुटाची माती खरवडत बसला.

मंगळवारी ग्वीलिम त्याला मेंढीबाजारात घेऊन गेला. कुणी सांगितलं नव्हतं, पण गाडी आली ती बरोबर नऊला. गाडी वळणाआड गेली तशी मेन्वेन माळ्यावर चढली. वर्षानुवर्षांच्या वाळल्या चाऱ्याखाली गवताचं बी गळून वीतभर थर साचला होता. तिनं तो झाडून गोळा केला, ओटीत घेतला आणि उघड्या पट्ट्यांवर मुठीमुठीनं टाकत सुटली. फिडल खुंटीला होती. तिला हात लावायचं मन झालं नाही. मग नेल कुत्रीला घेऊन मेंढरं वरून चारदा फिरवली. संध्याकाळी कंबर सरळ होईना.

"काय गं, वाकलीस?" इडवालनं विचारलं.

"हवा गार हाय."

हिवाळा गेला. एप्रिलमध्ये एक गाभण मेंढी कुंपणावरून उडी मारून ग्वीलिमच्या डोंगरावर गेली. तिला आणायला तिघं चढले. ती वर खडकाआड सापडली, आणि माघारी वळताना समोरच्या उतारावर ब्रीनचं घर आणि झऱ्याचं वावर तळहातासारखं उघडं दिसलं.

मधोमध एकच पट्टा, काळाभोर हिरवा, ब्रशच्या केसांसारखा दाट. दोन्ही बाजूंना फिकट, मऊ लवेचं गवत, इथं झुबका, तिथं टक्कल.

मेंढी तेवढी ओरडत होती.

"यंदा थंडी लई कडक पडली," ग्वीलिम घाईनं म्हणाला. "माझंबी असंच आलंय."

त्याचं वावर पायाखालीच होतं. गालिच्यासारखं एकसारखं.

इडवाल खडकावर टेकला. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ पलीकडं बघत राहिला.

"बाजूचं माळ्यावरचं बी हाय," तो म्हणाला. "आन टाकलंय कसं, कोंबड्यास्नी दाणं टाकावं तसं. तू फेकलंस न्हवं, मेन?"

"लई वाईट दिसतंय का?"

"मेंढरं खात्यात की. त्यास्नी काय." तो हलकं हसला. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे मात्र भरून आले. "दुकानदाराला उगं शिव्या दिल्या म्या."

"जाऊ दे, इडवाल. चल, पाऊस येतोय."

"न्हाई, थांब. ग्वीलिम, तूबी थांब." त्यानं तिचा हात शोधून धरला. "काठी सरकवायची राहिली माझी. आन ती एकच न्हाई. काल सकाळी तू चहा ठेवलास पुढ्यात, तवा ही बाई आपलीच, एवढं ठावं होतं मला. पण तुझं नाव आठवंना, मेन्वेन. कप गार झाला, तरी आठवंना."