मोहरीच्या बरणीतले दात

वोरमाँच्या हँडबॉल क्लबला दोनदा फ्रान्सचं विजेतेपद मिळालं, एकदा चषक मिळाला. त्यांचे कापडी फलक हॉलच्या छताला टांगलेत, धुराने पिवळे पडलेत, आणि गावातलं कुणी त्यांच्याकडे मान वर करून बघत नाही. पाहुणा आला की त्याला दंडाला धरून हॉलच्या मागच्या बारमध्ये नेतात आणि बाटल्यांच्या वरच्या फळीवरची काचेची बरणी दाखवतात. मूळची ती मोहरीच्या सॉसची. आता तीत दात आहेत. गावच्या पोरीबाळींचे, खेळताना पडलेले.

पोलादाच्या कारखान्यातल्या खानावळीत भांडी घासणाऱ्या बायकांनी हा क्लब काढला. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या अंगणात खेळायच्या. पडलं की गुडघ्यात काळी कच जायची आणि जन्मभर कातडीखाली राहायची. बरणीतला पहिला दात ओदेतचा. तेव्हा ती विशीतली होती, आज ऐंशीच्या पुढे गेलीय, सगळं गाव तिला मेमे म्हणतं, म्हणजे आजी, आणि बार अजूनही तीच चालवते. नियम तिनेच घातला: दात मैदानात पडला पाहिजे आणि जिचा पडला तिने शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळलं पाहिजे. तेवढं केलं तरच बरणी. मग कप्तान झाकण उघडते आणि जिचा दात ती तो आत टाकते. रडत बाहेर जाऊन बसलेल्यांचे दात, लहान पोरांच्या दुधाच्या दातांसारखे, घरी उशीखाली.

भट्ट्या विझल्या, कारखाना भंगारात गेला. क्लब तेवढा उरला.

त्या रविवारी दुपारी तोही जायची वेळ आली होती. हंगामाचा शेवटचा सामना. जिंकलं तर पहिल्या विभागात राहायचं. हरलं किंवा बरोबरी झाली तरी खाली घसरायचं, आणि खाली घसरलेल्या क्लबला नगरपालिका हॉल देणार नव्हती, हे महापौरबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. समोर दक्षिणेतला श्रीमंत क्लब होता. त्यांना या सामन्यातून काही मिळायचं नव्हतं की गमवायचं नव्हतं. पण त्यांच्याकडे मायलिस होती.

मायलिस वोरमाँचीच. नऊ वर्षांची असल्यापासून ल्युदिवीन तिला आपल्या गाडीत घालून सरावाला आणायची. ल्युदिवीन नोवाक, म्हणजे ल्युदी, इथली कप्तान. बचावाच्या बरोबर मधोमध उभी राहायची आणि येईल तिला आडवी करायची. पडायचं कसं, उडी मारायची कधी, डावीकडचं दाखवून उजवीकडून कसं निसटायचं, हे सगळं मायलिस तिच्याकडून शिकली. आणि दोन वर्षांपूर्वी ती दक्षिणेत गेली. ल्युदीला ते वर्तमानपत्रातून कळलं. तेव्हापासून ल्युदीने तिचं नाव उच्चारलं नव्हतं. घरात, गाडीत, कुठेच नाही. मनातून मात्र ते नाव एक दिवसही गेलं नव्हतं.

ल्युदीच्या आईचा दात बरणीत होता. ल्युदीचा नव्हता. "मारणाऱ्याचे दात कसे पडतील?" असं लोक म्हणायचे आणि ती हसायची. हसताना सगळे दिसायचे.

सामना सुरू झाला आणि पहिल्याच चढाईत ल्युदीने मायलिसच्या बरगडीत खांदा घातला. मायलिस लाकडी जमिनीवर घसरत जाहिरातीच्या फळीवर आदळली. हॉलमधला ढोल घुमला.

"दक्षिणेतलं ऊन खाऊन मऊ पडलीस की गं," ल्युदी म्हणाली.

"आणि तू म्हातारी झालीस," मायलिस उठत म्हणाली. "तुझी धाप तिकडच्या गोलपर्यंत ऐकू येते."

पुढच्या वेळी मायलिस गुडघा पुढे काढूनच आली. ल्युदीच्या मांडीत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग तिने मायलिसच्या जर्सीला पकडून तिला खाली आपटलं. पंचाने ल्युदीला दोन मिनिटं बाहेर काढलं. परत येताच तिने दुसऱ्या एका पोरीचं नाक फोडलं. रक्त पुसायला माणूस फडकं घेऊन धावला. पुन्हा दोन मिनिटं. वोरमाँच्या दोघी लंगडत होत्या, तिसरीची भुवई फाटली होती, तिने ती पट्टी चिकटवून बंद केली होती. आणि तरीही एका गोलने त्या पुढे होत्या. शेवटचं अर्धं मिनिट राहिलं होतं.

चेंडू हातात बसावा म्हणून हँडबॉलवाल्या बोटांना राळ लावतात. जादा राळ बहुतेकजणी बुटावर थापतात. ल्युदीला वाकायचा कंटाळा, ती मनगटाच्या पट्टीवर चांगला जाड थर थापायची.

मायलिसने चेंडू घेतला. डावीकडचं दाखवलं. ल्युदीला माहीत होतं ती उजवीकडून येणार, ते तिनेच शिकवलं होतं. ती वेळेवर पोचली. पाय जागेवर होते, छाती समोर होती. नुसती उभी राहिली असती, तर मायलिस तिच्यावर आदळून खाली पडली असती, पंचाने फार तर त्यांना लांबून एक साधी फेक दिली असती आणि वेळ संपली असती. क्लब वाचला असता.

मायलिस उडाली. तिचा चेहरा ल्युदीच्या चेहऱ्यासमोर आला, अगदी जवळ, आणि ल्युदीला तिच्यात ती सरावाहून परतताना गाडीत झोपी जाणारी पोर दिसली. तिचा हात उठला. तो क्लबसाठी उठला नव्हता. मनगट पुरतं तिच्या तोंडावर बसलं आणि आतून काहीतरी मोडल्याचा आवाज ल्युदीच्या कोपरापर्यंत आला.

लाल कार्ड. सात मीटरवरून फेक, समोर फक्त गोलरक्षक. ढोल थांबला. मायलिस हातागुडघ्यांवर ओणवी होती आणि लाकडावर रक्ताच्या लांब तारा गळत होत्या. तिच्या संघाच्या मुली जमिनीवर दात शोधत होत्या. कुणाला तो सापडला नाही.

बाहेर काढलेल्या खेळाडूला मैदानाजवळ थांबता येत नाही. ल्युदी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसली. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. निवेदक सांगत होता, मायलिसच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबलाय, रक्ताने माखलेली जर्सी बदलून तिला बिननावाची दिलीय, फेक तीच घेणार आहे. मग शिट्टी. मग काहीच नाही. मग दक्षिणेहून आलेल्या मूठभर लोकांचा ओरडा.

बरोबरी. वोरमाँ गेलं.

ल्युदी मनगटाची पट्टी सोडवायला लागली. राळेत काहीतरी टोचलं. तिने उजेडात धरलं. दात होता, मुळासकट, राळेत रुतून बसलेला.

संघाच्या डॉक्टरने कधीतरी शिकवलं होतं: पडलेला दात दुधात ठेवा, तासाभरात बसवला तर बसतो. ल्युदी मागच्या दाराने बारमध्ये धावली. आत माणसं ग्लासांकडे बघत उभी होती, दोघी-तिघी उघड रडत होत्या.

"मेमे, दूध दे."

ओदेतने बिअरच्या ग्लासात दूध ओतलं. ल्युदीच्या बोटांतल्या दाताकडे पाहिलं आणि ग्लास पुढे सरकवला.

मायलिस खोल्यांबाहेरच्या बोळात बाकावर बसली होती. ओठ भाकरीएवढा सुजला होता. ल्युदीने ग्लास पुढे केला.

"बसवता येईल," ती म्हणाली. "घाई केलीस तर."

"पट्टीत अडकला होता?"

"हो."

मायलिस हसायला गेली आणि कळवळली. "मी ओणवी होऊन शोधत होते आणि तू घेऊन पळालीस होय."

"मायलिस, मी..."

"गप्प बस." तिने दुधात बोटं घालून दात काढला, मुठीत धरला आणि उठून सरळ बारमध्ये गेली. ल्युदी ग्लास घेऊन मागोमाग गेली.

मायलिसने मूठ काउंटरवर उघडली.

"बरणी काढ, मेमे."

"तो दवाखान्यात ने. बरणीत आपल्यांचेच दात असतात," ओदेत म्हणाली.

"मैदानात पडला की नाही? शेवटपर्यंत खेळले की नाही? कुठली जर्सी घालायची ते तू कधी सांगितलं होतंस?"

मागून एकजण म्हणाला, "हिनेच बुडवलं आपल्याला, आणि वर बरणी हवी."

"आपल्याला कुणी बुडवलं ते मला म्हातारीलाही दिसलं," ओदेत म्हणाली. "तुझे डोळे कुठे होते रे?" मग तिने काउंटरवरचा दात बोटाने उलटवून पाहिला. "जर्सीचं नव्हतं सांगितलं. खरंय पोरीचं." तिने स्टूल ओढलं, त्यावर चढून बरणी खाली आणली आणि ल्युदीपुढे ठेवली. "कप्तान उघडते."

ल्युदीने झाकण फिरवलं. मायलिसने दात आत टाकला. तो ल्युदीच्या आईच्या दाताशेजारी पडला.

मायलिस बरणीवर वाकली. "लहानपणी मी तुला विचारायचे, यातला तुझा कुठला. तू म्हणायचीस, मोठी झालीस की दाखवीन."

सगळा बार ऐकत होता.

"माझा नाही यात," ल्युदी म्हणाली.

"माहितीय," मायलिस म्हणाली. बाहेर तिच्या संघाच्या बसचा हॉर्न वाजला. तिने कापसाच्या बोळ्यात रक्त थुंकलं, निरोपाला ओदेतच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि ती निघून गेली. ल्युदीकडे तिने पाहिलं नाही.

ओदेतने बरणी उचलली. "झाकण दे."

ल्युदीने हात पुढे केला. झाकण तळव्याला राळेने घट्ट चिकटून बसलं होतं.

"थांब, ओढू नकोस," ओदेत राळ सोडवायला तेलाची बाटली शोधत म्हणाली. "कातडी निघेल."

ल्युदीने दुसऱ्या हाताने झाकणाची कड धरली आणि ओढलं.